कारवारचा किनारा पहिल्यांदा बघायला जाताना: आधी तिथी बघा, मग रजा टाका

बेळगावात समुद्राचा विषय निघाला की गाड्या चोर्ला घाटाकडे वळतात. गोवा जवळ आहे, रस्ता ओळखीचा आहे, तिथे गेल्यावर सगळं आयतं मिळतं. पण पाण्यात डुंबण्यापलीकडे काही बघायचं असेल, म्हणजे डॉल्फिन, समुद्री गरुड, खडकातली समुद्रफुलं, झाडाच्या ढोलीत बंद होऊन बसलेली धनेशाची मादी, तर माझं सांगणं एकच आहे. एकदा खानापूर, रामनगर, जोयडा करत कारवारला उतरा. वाटेत काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं, खाली काळी नदीचं मुख येतं आणि तिथून दक्षिणेला अंकोला, गोकर्ण, कुमठा, होन्नावर, मुरुडेश्वर असा सगळा किनारा उत्तर कन्नड या एकाच जिल्ह्यात पसरलाय. कारवारात कोकणी घरोघर बोलतात, मराठी सहज चालते. भाषेची अडचण होईल या भीतीने कुणी थांबत असेल तर ती भीती सोडून द्या.

पहिल्यांदा जाणारी बरीच मंडळी आधी खोली बघतात, खोली मिळेल ती तारीख धरतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर भरतीत बुडालेले खडक बघून परत येतात. समुद्रावर खडक उघडे पडणं, चिखलात पाखरं उतरणं, होडी खाडीबाहेर काढणं, पोहणं हे सगळं भरती-ओहोटीवर चालतं. बेताची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सगळ्यात चांगले. हवा कोरडी असते, पाणी शांत आणि निवळलेलं असतं, उत्तरेकडून आलेली पाहुणी पाखरं किनाऱ्यावर असतात. दसऱ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना जंगल हिरवंगार मिळेल, पण पाणी अजून गढूळ असतं. मार्चनंतर दमट उकाडा सुरू होतो. तरी धनेशांची वीण आणि कासवाची पिल्लं यांच्यासाठी फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ मोलाचा आहे.

जून ते सप्टेंबर नवख्यांनी जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळीही कमीच. घाटात आणि हायवेवर दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर केवढी मोठी दरड आली आणि किती माणसं गेली, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

महाशिवरात्रीला गोकर्णात रथोत्सव असतो. देवदर्शनाला जरूर जा, पण त्या आठवड्यात तिथल्या किनाऱ्यावर निवांतपणे पाखरं बघण्याची आशा ठेवू नका.

मग तिथी

कॅलेंडर भिंतीवर असतंच. त्यात तिथी बघा. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यात सहा तास मिळवले की पावणेदहाला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य पक्ष, हिशेब तोच. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा ते साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच. रजा कधी टाकायची हे ठरवायला मात्र तो पुरतो.

दुसरी गोष्ट उधाणाची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणीही लांबवर हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. कारवारच्या बाजूला मुंबईइतका फरक पडत नाही, तरी उधाणाच्या ओहोटीत जे खडक उघडे पडतात ते भांगाला दिसतसुद्धा नाहीत.

आता हे दोन्ही जोडून बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया आणि तृतीया घ्या. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमाराला येते. कोवळं ऊन, उघडे खडक, मोकळा किनारा. लहान मुलांना घेऊन खडकांवर जायला यापेक्षा चांगली वेळ नाही. खुद्द पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाचच्या पुढेमागे ओहोटी मिळते, तीही चांगली, फक्त अंधार पडायच्या आत खडकांवरून उतरायचं. ज्यांना होडीतून हिंडायचंय किंवा फक्त पोहायचंय त्यांनी सप्तमी ते दशमीचे दिवस धरावेत. त्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते.

निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर कारवारचा भरतीचा तक्ता बघून वेळ पक्की करा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. ज्या ओहोटीपुढचा आकडा लहान, तिच्यात पाणी जास्त उतरतं. आणि तिथे गेल्यावर जाळं विणत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला लाजू नका. ‘मामा, आज सुकती (म्हणजे ओहोटी) कधी?’ एवढं विचारलं की वेळही कळते आणि कुठल्या खडकावर पाय घसरतो तेही कळतं.

घाट उतरताना

बेळगाव ते कारवार या वाटेने साधारण पावणेदोनशे किलोमीटर. थांबे धरून सहा तास हाताशी ठेवा आणि पहाटे साडेपाचला घर सोडा. खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, जोयडा, कुंभारवाडा, आंशी, कद्रा, कारवार अशी ही वाट आहे. रामनगर सोडण्याआधी पेट्रोलची टाकी भरून घ्या आणि घरी फोन करून ठेवा, कारण पुढे जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गाडी नसेल तर बेळगावहून कारवारला बस आहे. रेल्वेने जायचं तर लोंढ्यावरून दूधसागरच्या घाटाने मडगाव आणि तिथून कोकण रेल्वेने कारवार. वेळ जास्त जातो, पण पोरांना तो रेल्वेचा घाट आवडतो.

दांडेलीचं अभयारण्य आणि आंशीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. इथे वाघ आहे, काळा बिबट्याही आहे, पण पहिल्याच फेरीत तो दिसेल असं पोरांना कबूल करू नका. जे हमखास दिसतं किंवा ऐकू येतं तेही कमी नाही. शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेतं, रस्त्याकडेला गव्यांचा कळप असतो, आणि धनेश. मोठ्या धनेशाच्या पंखांचा फस-फस आवाज तो दिसायच्या आधी येतो. आवाज आला की बोलणं थांबवून वर बघा. फळं धरलेला वड, उंबर, पिंपळ दिसला तर अर्धा तास त्याच्याखाली काढायला हरकत नाही, धनेश तिथे येतातच. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, आणि नर दिवसभर फळं आणून भरवत राहतो. अशी ढोली सापडली तर लांब उभे राहा. माणसाला बुजून नर आला नाही तर आत मादी आणि पिल्लू दोघंही उपाशी राहतात.

एक रात्र जोयड्याच्या आसपास एखाद्या घरगुती निवासात काढता आली तर उत्तम. इथले कुणबी कंदमुळं पिकवतात. हिवाळ्यात गेलात तर जेवणात ती मागून घ्या. जंगल सफारी करायची असेल तर दांडेलीच्या बाजूला कुळगी आणि फणसोलीला वनखात्याची सोय आहे. पहाटेची फेरी घ्या. काळीतलं राफ्टिंग गणेशगुडीजवळ चालतं. सुपा धरणातून पाणी सुटलं तरच ते होतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. दांडेलीत नदीत मगरी आहेत. घाटावर पाय सोडून बसणं, कपडे धुणं, पोहणं यातलं काहीही करू नका.

जंगलात पायी हिंडणार असाल तर पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि मोजे घाला. हिवाळा-उन्हाळ्यात या पट्ट्यात माकडताप असतो. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. मुक्कामावर आल्यावर अंग नीट तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत कडक ताप आला तर ‘जंगलात जाऊन आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

कारवार: नदीचं मुख आणि दोन सकाळी

शहराला लागून असलेल्या मोठ्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले भाऊ इथे न्यायाधीश होते आणि तरुणपणी ते इथे येऊन राहिले होते. किनाऱ्यावर ‘चपल’ ही जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी केलीय, मुलांना ती आवडते. पण वन्यजीव बघायचे तर काळीच्या पलीकडे चला. सदाशिवगड, देवबाग आणि माजाळी ही नावं लक्षात ठेवा.

देवबागला सुरूच्या बनात किनारा आहे आणि समोर नदी समुद्राला मिळते. सकाळी सातच्या सुमाराला इथून होडीने निघा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा उठतात आणि त्या फेसात काही ओळखू येत नाही. इथला डॉल्फिन पाठीवर मदार असलेला, उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी राहणारा आहे. सिनेमातल्यासारख्या उंच उड्या तो क्वचितच मारतो. आधी मदार वर येते, मग तिच्यावरचं छोटं पर, मग पाठ वाकते आणि तो गेला. दोन-तीन मिनिटांनी थोडा पुढे परत वर येतो. म्हणून जिथे दिसला तिथे बघत बसायचं नाही, तो ज्या दिशेने चाललाय तिथे पुढे नजर ठेवायची. होडीवाल्याला निघतानाच सांगा: मागे लावू नका, आवाज कमी ठेवा, थांबलो तरी चालेल. पाठलाग केला की कळप पिल्लांना घेऊन खोल पाण्यात जातो आणि त्या दिवशी पुन्हा येत नाही. वर बघायलाही विसरू नका. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आणि तांबूस ब्राह्मणी घार दोन्ही इथे फिरतात.

होडीत बसताना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडू देऊ नका. जॅकेट मांडीवर ठेवलं तर ते घातलं असं होत नाही. २०१९ च्या जानेवारीत कूर्मगड बेटावरच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी इथेच उलटली आणि १६ जण बुडाले. होडीत दाटीवाटी दिसली तर उतरून पुढच्या होडीची वाट बघा, कुणी काही म्हणो.

माजाळीहून गोव्याच्या हद्दीकडे चालत गेलं की तिळमातीचा छोटा किनारा लागतो. वाळू तिळासारखी काळी आणि भरड. वाटेत खडक आहेत, तेव्हा जाणं-येणं दोन्ही ओहोटीत बसवा. पाणी चढायला लागलं की लगेच माघारी फिरा.

कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा मोठा तळ आहे. त्या भागातल्या काही किनाऱ्यांवर जाता येत नाही. फलक दिसला की कॅमेरा आत ठेवा आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

खडकातल्या डबक्यात काय बघायचं

माझ्या मते या सगळ्या सहलीचा गाभा हाच आहे, आणि नेमका हाच भाग लोक गाळतात. गोकर्णाला कुडले, ओम, हाफ मून हे किनारे वाळूचे आहेत, पण त्यांच्या दोन्ही टोकांना खडक आहेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचा. पाणी उतरत असतं, त्याच्या मागोमाग हळूहळू पुढे सरका. पाणी फिरलं की तुम्हीही फिरा.

एक डबकं निवडा, परातीएवढं असलं तरी चालेल, आणि पाच मिनिटं हलू नका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात गोगलगाय नसते, दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा असतो. खडकाला चिकटलेला मऊ, चिकट गोळा पाण्याखाली फुलतो आणि समुद्रफूल होतं. त्याच्या पाकळ्या म्हणजे डंख मारणारे हात, म्हणून बोट लावायचं नाही. तळाच्या वाळूसारखाच रंग असलेला बोटभर मासा जागचा हलतो तेव्हाच कळतो. ओल्या वाळूवर नजर टाकलीत तर मुगाएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल. मधल्या बिळातला इवला खेकडा वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुढच्या भरतीत ते सगळं पुसून जातं.

पायात मागे पट्टा असलेल्या, पकड चांगली असलेल्या चपला हव्यात. अनवाणी नको, कालवांच्या कडा पाय चिरतात. दगड उलटवलात तर होता तसा परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. जिवंत शंख घरी आणू नका.

अघनाशिनी आणि होन्नावर

गोकर्णाच्या पलीकडे अघनाशिनीची खाडी आहे. या नदीवर मोठं धरण नाही, म्हणून गोड आणि खारं पाणी अजून आपल्या लयीत मिसळतं. २०२४ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या (शिंपल्या) काढणारी माणसं बघाल, त्यांचं पोट याच चिखलावर आहे. तदडीहून पलीकडे जायला होडी मिळते. साणीकट्ट्याच्या मिठागरांजवळ हिवाळ्यात तुतारी, चिखले, बगळे अशी पाखरं उतरतात. इथे हिशेब उलटा लागतो. भरती आली की चिखल बुडतो आणि पाखरं मिठागरांच्या बांधांवर येऊन बसतात, तेव्हा जवळून दिसतात. म्हणून मिठागरांवर भरतीला जा, खाडीच्या काठी ओहोटीला. दुर्बीण मागून आणलेली असली तरी चालेल, पण हवीच.

होन्नावरला शरावतीच्या काठी कांदळवनातून लाकडी पायवाट केलीय. ओहोटीला खाली चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, परांवर सरकताना दिसतात. जवळच कासरकोडचा किनारा, ज्याला २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचा ‘ब्लू फ्लॅग’ हा दर्जा मिळाला. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर मुक्कामाला हीच बाजू सोयीची.

याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालतात. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी, आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात. वनखातं अशी घरटी जाळी लावून राखतं. पिल्लं सोडायची वेळ कळली आणि परवानगी मिळाली तर जरूर जा, पण बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा. पिल्लू उजेडाकडे जातं, समुद्राकडे जायच्या ऐवजी तुमच्याकडे येईल. उचलून पाण्यात सोडायची घाईही नको, त्याला स्वतः चालू द्या. सकाळी वाळूवर समुद्रातून वर येऊन परत गेलेला रुंद माग दिसला तर त्यावरून चालू नका, जवळच्या वनरक्षकाला कळवा.

पोहण्याआधी

आपण तळ्यात, विहिरीत, नदीत पोहायला शिकलेली माणसं. समुद्राची ओढ वेगळी असते. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसतं, तोच पट्टा बऱ्याचदा आत खेचणारा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ संपली की लाटांबरोबर किनाऱ्याकडे या. ओहोटी जोरात असताना कंबरेच्या वर जायचं नाही, दारू पिऊन तर पाण्यात उतरायचंच नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) बाजूला होतं. जीवरक्षक असेल त्याच किनाऱ्यावर मुलांना पाण्यात सोडा.

जेवणाचं फार सांगायला नको. मासे खाणाऱ्यांना बांगडा, इसवण, तिसऱ्या, सोलकढी. न खाणाऱ्यांना गोकर्णात शाकाहारी खाणावळी आहेत. घरून चिवडा, दशम्या आणि पाण्याचे मोठे कॅन घ्या. ज्या घरी उतरणार त्यांच्यासाठी अर्धा किलो कुंदा न्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यात चांगला होडीवाला तेच शोधून देतील.

नेत्राणी आणि परतीचा घाट

मुरुडेश्वरहून साधारण १९ किलोमीटरवर समुद्रात नेत्राणी बेट आहे. पाणी निवळल्यावर तिथे स्कूबा डायव्हिंग चालतं. प्रवाळ, रंगीत मासे, नशीब असेल तर कासव. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक धरून नेतात. सर्दी, कानाचं दुखणं, दमा, हृदयाचा त्रास यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकापासून लपवू नका.

बेळगावकरांसाठी यात एक खास गोष्ट आहे. डुबकी मारल्यावर अंगात नायट्रोजन मुरलेला असतो आणि उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. विमान लगेच पकडू नये म्हणतात ते यासाठीच. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणजे घाट चढून घरी जाणं हेही उंचावर जाणंच. त्यामुळे डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवू नका. एकच डुबकी असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८ तास किनाऱ्यावरच काढा. तीन-चार दिवसांच्या बेतात नेत्राणी मध्ये घाला, खडक आणि खाडी शेवटी. परतीच्या दिवशी सकाळची न्याहारी करून निघालात तर आंशीचा घाट उजेडी चढून होतो, आणि संध्याकाळी रस्त्यावर येणारे गवे गाडीपुढे येण्याआधी तुम्ही खानापूर ओलांडलेलं असतं.